मानेखालची मी

गुरुवार, ३ एप्रिल २०२५

संचिताने बजावलंय, रोज दहा ओळी हाताने लिहायच्या. ती माझी फिजिओथेरपिस्ट. वय सव्वीस, आणि मला धाक दाखवते. मी सव्वीस वर्षं कल्याणच्या ज्युनिअर कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं, पोरांकडून दहा-दहा पानं उतरवून घेतली. आता माझी पाळी.

ओळ वरखाली जातेय, कारण पेनाकडे बघू की कागदाकडे हे ठरत नाही. पेन किती घट्ट धरलंय ते कळत नाही. नख पांढरं झालं की समजायचं, फार दाबलं.

काय झालंय ते एकदाच लिहून टाकते. दीड वर्षापूर्वी, गणपतीच्या आदल्या आठवड्यात, मला ताप आला. आठ दिवसांत उतरला, पण जाताना मानेखालचं सगळं घेऊन गेला. हातपाय हलतात. चटका बसतो, सुई टोचली तर दुखतं, पण नुसता स्पर्श कळत नाही. आणि हात कुठे आहे, गुडघा वाकलाय की सरळ आहे, पायाखाली जमीन आहे की नाही, हे मला आतून कळत नाही. ती खबर आणणाऱ्या नसाच गेल्या आणि त्या परत येणार नाहीत, असं न्यूरॉलॉजिस्टनी स्वच्छ सांगितलं. बघितला तर हात माझा, नजर हटली की गेला. सात महिने अंथरुणात होते, मग बसायला शिकले, मग वॉकर. आता घरात चालते, पायांकडे बघत, एकेक पाऊल टाकत.

सोळा जूनला कॉलेज उघडतंय. माझी होती नव्हती ती सगळी रजा संपली. त्या दिवशी फिटनेसचा दाखला घेऊन हजर व्हायचं, नाहीतर स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर सही करायची. मला वर्गात उभं राहायचंय. बाकी काही नको.

कॉलेजात 'अशक्तपणा' एवढंच कळवलंय. तेवढंच राहू दे.

रविवार, ६ एप्रिल

श्रीपादने, माझ्या नवऱ्याने, माळ्यावरून माझ्या जुन्या नोट्स काढून दिल्या. सव्वीस वर्षं त्याच. वाचून अंगावर काटा आला (आला असावा, हाताकडे बघितलं तेव्हा दिसला).

"ज्ञानेंद्रिये पाच." मग पाचांची पाच पानं. शेवटी दोन ओळी, "स्नायू व सांधे यांच्याकडून शरीराच्या स्थितीची जाणीव देणारे आणखी एक इंद्रिय मानले जाते." पुढे कंसात माझ्याच अक्षरात, लाल शाईने, "परीक्षेला येत नाही." दरवर्षी साठ-सत्तर पोरांना मी ते इंद्रिय ऑप्शनला टाकायला लावलं. देवाने काय पेपर काढलाय!

आणखी एका पानावर, "मन शरीराची प्रतिमा मेंदूत तयार करते आणि तिच्या आधारे हालचाल घडवते." हे मी इतक्या ठसक्यात सांगायचे, जसं काही आत जाऊन बघून आलेय. आता डोळे मिटून पडते तेव्हा माझा हात मला अंगठीसकट दिसतो. प्रतिमा आहे, अगदी सुबक आहे. हात नाही. तो चादरीवर आपला आपला सरपटत असतो, असं श्रीपाद म्हणतो. मग त्या प्रतिमेच्या आधारे मन इतकी वर्षं काय घडवत होतं?

पोळ्यांना आंबिवलीहून मालन येते. फोन खांद्यात धरून बहिणीशी भांडत ती पोळी लाटते आणि पोळीची कड सगळीकडून सारखी. मी विचारलं, कड पातळ झाली हे तुला कसं कळतं?

"हाताला कळतंय की."

"हाताला म्हणजे डोक्याला ना?"

"डोस्कं तर हिकडं भनीसंग भांडतंय, ताई. त्याला कुठनं कळायचं?"

माझ्या नोट्समध्ये याला उत्तर नाही. मालनचा इतका हेवा वाटला की मी तिला उगाच मीठ जास्त पडल्याबद्दल बोलले.

मंगळवार, १५ एप्रिल

आज जे झालं ते लिहिताना अजून कान गरम आहेत.

टिटवाळ्यात राहून दीड वर्ष गणपतीचं दर्शन नाही, म्हणून मीच हट्ट केला. रांगेत श्रीपाद मागे, हातात काठी, डोळे पायांवर. सगळं ठीक चाललेलं. मूर्तीसमोर पोचले, हात जोडले, तेही बघून. आणि जन्मभराच्या सवयीने डोळे मिटले.

बस्स. मानेखालचं सगळं गेलं. डोकं तेवढं हवेत राहिलं आणि तेही खाली निघालं. शेजारच्या बाईच्या अंगावर कोसळले. पडल्यावर भीतीने डोळे आणखी घट्ट मिटले, त्यामुळे हातपाय जे काही करत होते ते स्वतःच्या मनाप्रमाणे करत राहिले. माझ्या कानावर पहिलं वाक्य आलं ते असं, "बाजूला व्हा, बाईंच्या अंगात आलंय!"

डोळे उघडले तर माझ्या कपाळाला कुंकू, दोघी पाया पडतायत, आणि जिच्या अंगावर पडले ती हात जोडून विचारतेय, "आई, आमच्या पोरीचं लग्न कधी जमेल?" मानसशास्त्र विभागप्रमुख, आणि अंगात!

मी श्रीपादकडे बघितलं. वाटलं, आता हा सांगेल की बाई आजारी आहे, जरा हवा येऊ द्या. हा गृहस्थ शांतपणे म्हणाला, "यंदा जमेल म्हणतायत. आता आईंना वाट द्या." लोकांनी खरंच वाट दिली. दुतर्फा हात जोडलेले, मधून मी. कोणी "काय झालं यांना, पॅरालिसिस का" असं विचारलं नाही. मला त्याचीच भीती होती.

पण खोटं बोलला ना! घरी येऊन मी त्याला फाडून खाल्लं. शास्त्र शिकलेला माणूस, बँकेत मॅनेजर होता, आणि अंधश्रद्धेला खतपाणी. तो कुंकू पुसायला ओला रुमाल घेऊन उभा होता. म्हणाला, "बरं, चुकलं."

रविवार, २७ एप्रिल

संध्याकाळी सव्वासातला लाइट गेले. मी बाथरूममध्ये. अंधार झाला आणि मी संपले. बादलीवर पडले, कपाळाला टेंगूळ.

श्रीपाद अर्ध्या मिनिटात टॉर्च घेऊन आत. दाराबाहेरच उभा होता का काय! ह्याचं हल्ली हे असंच. मागच्या वर्षी दोन वर्षं शिल्लक असताना नोकरी सोडली, म्हणे कंटाळा आला. तेव्हापासून घरात बसून नसते उद्योग. इन्व्हर्टर आणला होता तो बाथरूमला जोडायचा राहिला म्हणून आज स्वतःलाच शिव्या घालत बसला. पॅसेजमध्ये इतके दिवे लावलेत की लग्नघर वाटावं. उंबरठ्यांना पिवळी पट्टी. सकाळच्या फिरायच्या ग्रुपला जाणं बंद, आणि एकोणसाठाव्या वर्षी ड्रायव्हिंगचा क्लास. परवा जुनी गाडीही घेऊन आला. "हौस," म्हणाला.

आणि सर्वांत त्रास म्हणजे ते गुणगुणणं. मी चालायला लागले की मागे ह्याचं सुरू. एकच ओळ, बेसूर. थांबले की थांबतो. मी सांगितलं, तुझं मागे असणं कळण्यासाठी मला भोंगा नको. हसला आणि परत सुरू.

रविवार, ११ मे

बिल्डिंगच्या गेटपर्यंत जाऊन परत. एकशे बारा पावलं. येताना एकदा पडले, पण कारण कळलं.

जाताना फक्त पाय. उजवा उचल, पुढे, टेकव, वजन दे, आता डावा. येताना गुलमोहराकडे लक्ष गेलं आणि सहज मनात आलं, मागच्या वेळी हा फुलला तेव्हा मी पलंगावर होते. एवढा एक विचार. पाय तिथेच विसरले आणि बसकण मारली. शिंक आली तरी तेच होतं. मी चालू शकते किंवा विचार करू शकते. दोन्ही नाही.

पूर्वी मी स्टेशनपासून कॉलेजपर्यंत वीस मिनिटं चालत जायचे. अख्खा तास डोक्यात तयार व्हायचा, कुठे विनोद मारायचा, कुणाला उठवायचं. रस्ता कसा ओलांडला ते आठवायचंसुद्धा नाही. मग ती चालत कोण होती? खड्डा चुकवणारी, पदर सावरणारी, पर्स बगलेत दाबणारी? मी तिला कधी 'मी' म्हटलं नाही. मी म्हणजे वरती बसून तासाची तयारी करणारी बाई, असंच धरून चालले होते. खालची गेली तेव्हा कळलं की वरचीचं सगळं तिच्याच जिवावर होतं. आता वरचीला स्वतः पाय ओढावे लागतात आणि तयारीला कोणीच उरत नाही.

हे कुणाला तरी सांगावंसं वाटतंय. श्रीपादला सांगायला गेले तर तो हॉलमध्ये डोळ्यांवर माझी ओढणी बांधून, हात पसरून, सोफा चाचपडत होता. म्हातारचळ! मी तशीच परत आले.

गुरुवार, २९ मे

दाखला आमचे फॅमिली डॉक्टर देणार. संचिता म्हणाली, ते पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहायला लावतील. म्हणजे खेळ खलास.

मी एक युक्ती काढलीय. चेहरा माझा आहे, पापण्या मला कळतात. त्या अर्ध्या केसाएवढ्या उघड्या ठेवायच्या. पापणीच्या फटीतून टेबलाची कड दिसली तरी पुरे. आठवडाभर मालनला समोर उभं करून सराव चाललाय. आज तिने सर्टिफिकेट दिलं, "झाकल्यागत दिसतंया, ताई. फकस्त बुबुळं वळवळ करू नका, चोरावानी दिसतंया."

चोरीच आहे ही. कॉपी करणाऱ्या किती जणांना मी वर्गाबाहेर काढलं असेल. लाज वाटते आहे आणि तरी करणार आहे.

सोमवार, ९ जून

पास!

डॉक्टर म्हणाले, "उत्तराताई, पाय जुळवा, डोळे मिटा." मी मिटले (तसे). टेबलाची कड, तिच्यावरचा स्टेथोस्कोप, सगळं फटीतून धरून ठेवलं. डॉक्टर आकडे मोजायला लागले. सातला मी थोडी हलले असेन, पण लगेच सरळ झाले, कशी ते माझं मलाच माहीत नाही. डॉक्टर माझ्याकडे न बघता माझ्या मागे बघून हसत होते. मागे श्रीपाद होता, त्याला बाहेर थांब म्हटलं होतं तरी. दोघांचं काय चाललं होतं देव जाणे. वीस झाले. "छान," म्हणाले आणि सही.

दाखल्यावर मात्र भलतंच काहीतरी लिहिलंय. "वर्गात भरपूर उजेड व खुर्ची असावी." उजेडाचं काय घेऊन बसलेत? माझा नंबर वाढला असं वाटलं की काय त्यांना. असो, कॉलेजला काही कळणार नाही.

येताना श्रीपाद दोन्ही मनगटं चोळत होता. इतकं वय झाल्यावर स्टीअरिंग धरलं की असंच होणार.

सोमवार, १६ जून

हजर झाले. मस्टरवर सही केली, बघून, वेळ लावून. कुणाला काही कळलं नाही.

नशीबही बरं. बारावीचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर असायचा, तो यंदा तळमजल्यावर आणलाय. प्राचार्या म्हणाल्या, वर गळतं. फळ्याशेजारी नवी जड खुर्ची, टेबल अगदी हाताशी, आणि चार नव्या ट्यूबा. तानाजी शिपाई पांढऱ्या शर्टात बरोबर दोन पावलं पुढे चालत होता, त्यामुळे गर्दीतही वाट मिळाली. "साहेब बरे आहेत ना?" म्हणाला. हा श्रीपादला कुठून ओळखतो? विचारायचं राहिलं.

वर्गात उभी राहिले. पंचेचाळीस मिनिटं. खुर्चीला हात लावला नाही.

बुधवार, १८ जून

सोमवारी लिहिलं नाही ते आज लिहिते. मी उभी राहिले. शिकवलं नाही.

तिन्ही दिवस तेच. सगळं लक्ष गुडघ्यांत. खडू धरला की खडूत. नोट्स वाचून दाखवते, पोरं उतरवून घेतात. कुणी काही विचारलं तर मला आधी टेबल पकडावं लागतं, तोवर प्रश्न डोक्यातून गेलेला असतो. आज सुदेश नावाचा एक मुलगा मागच्या बाकावर चक्क झोपला आणि त्याला उठवावं हेही माझ्या मनात आलं नाही, कारण तेव्हा मी डाव्या पायावर होते. ज्या तासाला साठातला एक जरी झोपला तर मला अन्न गोड लागत नसे!

यासाठी का केला अट्टाहास? उभी राहणारी बाई पाहिजे तर कापडाच्या दुकानात मिळते. शिकवणारी बाई बहुतेक त्या तापातच गेली. अर्ज टेबलावर काढून ठेवलाय. श्रीपादने बघितला. चहा ठेवला आणि शेजारी बसून राहिला.

शुक्रवार, २० जून

आता सगळ्या कॉलेजला कळेल. कळू दे.

आज मी वर्गात गेले आणि खुर्चीवर बसले. ठरवून नाही, कंटाळून. आजचा शेवटचा तास म्हणूनच गेले होते, अर्ज पर्समध्ये होता. बसले, पाठ टेकली ते बघून घेतलं, दोन्ही हात टेबलावर ठेवले, आणि एकदम डोकं मोकळं झालं. पायांना काही काम नव्हतं. समोर साठ चेहरे होते, आणि मला ते दिसत होते.

नोट्स मिटल्या. म्हटलं, "डोळे मिटा सगळ्यांनी. आता उजव्या हाताचं बोट नाकाला लावा."

साठ बोटं सरळ नाकांवर. हसाहशी झाली. सुदेश म्हणाला, "मॅडम, हे काय, झोपेत पण जमेल."

"तुला झोपेत बरंच जमतं ते मी पाहिलंय," मी म्हटलं, आणि वर्ग खिदळला. दीड वर्षांनी! "पण बोट कुठे आहे आणि नाक कुठे आहे, हे तुला न बघता कुणी सांगितलं?"

"माहीतच असतं ना, मॅडम."

"कुणाला माहीत असतं? तुला विचार करावा लागला?"

"नाही."

"मग ज्याला विचार न करता माहीत होतं, तो कोण? तो तूच का?"

वर्ग शांत झाला. ही शांतता मी ओळखते, हिच्यासाठीच तर मी नोकरी केली. आणि मग मी सांगून टाकलं. ताप, नसा, सात महिने, डोळे मिटले की मानेखाली काही नसणं. पापण्यांच्या फटीतून मिळवलेला दाखलासुद्धा. मला वाटलं होतं माझा आवाज कापेल, तर तो जुना, मागच्या बाकापर्यंत जाणारा आवाज लागला.

पहिल्या बाकावरची रुचिता म्हणाली, "मॅडम, म्हणजे तुम्हाला नाकाला बोट लावता येणार नाही? डोळे मिटून?"

"नाही."

"ट्राय करा ना. आम्ही आहोत ना."

दोन मुली न सांगता खुर्चीच्या दोन्ही बाजूंना येऊन उभ्या राहिल्या. मी डोळे मिटले. फट न ठेवता, पूर्ण.

गेलं सगळं. खुर्ची गेली, टेबल गेलं, वर्गाच्या मधोमध नुसतं डोकं. मला ओरडावंसं वाटलं. मनातल्या मनात हाताला म्हटलं, ऊठ. उठला की नाही, कोण सांगणार?

"उठला, मॅडम, उठला!"

"अरे, खूप बाहेर जातोय. आत घ्या, मॅडम, आत."

"उजवीकडे झुकताय. स्वप्ना, पकड ना त्यांना! हां, सरळ."

"वर. अजून वर. अरे हळू बोला रे, एकेकाने!"

"डावीकडे, मॅडम. तुमच्या डावीकडे, आमच्या नाही."

"कानाजवळ आलंय. पुढे, पुढे..." हा सुदेश होता, मागून, बाकावर उभा राहिला असणार.

मी त्यांचं ऐकत होते आणि हाताला कळवत होते. काही वेळाने कळवायचंही थांबले. ते बोलत होते आणि हात जात होता, मधे मी नव्हते. किती दिवसांनी मधे मी नव्हते!

"बास, बास! आता सरळ आत. झालं, झालं..."

बोट नाकाला लागलं. बोटाला काही कळलं नाही, नाकाला कळलं. गार होतं.

बाकं बडवली पोरांनी. शेजारच्या वर्गातून कुणीतरी येऊन दार ठोठावलं. रुचिता म्हणाली, "मॅडम, उघडा आता डोळे."

मी म्हटलं, "थांबा जरा."